आधी कर्ज फेडावे की म्हातारपणाची सोय करावी?

सभासद बंधू-भगिनींनो,

या वेळी लागणीची खोली, बेण्याची निवड किंवा खोडव्यातील पाचट या नेहमीच्या विषयांवर न लिहिता पैशाच्या विषयावर लिहायचे ठरवले. शेतकी खात्याच्या माणसाने पैशावर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण टनेज वाढवा, टनेज वाढवा म्हणून आम्ही तुमच्या बांधावर येऊन सांगतो. ते वाढलेले टनेज शेवटी कोणाच्या घरात गेले, हेही कधीतरी पाहिले पाहिजे. येथे मांडलेले मत माझे स्वतःचे आहे, ते कारखान्याचे धोरण नव्हे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

उसाचे बिल जमा झाले की पुढच्या दोन आठवड्यांत गट कार्यालयात दोन तऱ्हेचे सभासद भेटतात. एकाने कपात वजा जाता हातात आलेला सगळा पैसा उचलून बँकेत पाईपलाईनच्या कर्जाला भरलेला असतो. “एकदाचं डोक्यावरचं ओझं उतरू दे साहेब, मग बघू बाकीचं,” असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याने ठेव पावती केलेली असते आणि बँकेचा हप्ता थकवलेला असतो. त्याचे म्हणणे, “ठेव मोडायची नाही, ती म्हातारपणाची हाय.” दोघेही कष्टाळू, दोघेही निर्व्यसनी. पण माझ्या मते दोघांचेही निम्मे बरोबर आहे आणि निम्मे चुकते आहे. ते कसे, हे या लेखात मांडायचे आहे.

नोकरदार आणि आपण

आपल्याच कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराकडे पाहा. त्याच्या पगारातून दर महिन्याला प्रॉव्हिडंट फंड कापला जातो आणि कारखानाही त्यात आपला हिस्सा घालतो. १९९५ च्या पेन्शन योजनेतून त्याला थोडीफार का होईना, पेन्शन बसते. त्याने ठरवो न ठरवो, म्हातारपणाची तरतूद आपोआप होत जाते. त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाला, म्हणजे कारखान्याच्या मालकाला, यातले काहीच नाही. बिलाच्या पावतीवर एकदा नजर टाका. सोसायटीची कपात आहे, बेण्याची आहे, खताच्या उधारीची आहे, पाणीपट्टीची आहे. म्हातारपण नावाची कपात तेवढी नाही. ती आपली आपणच करायची आहे.

दुसरा फरक असा की नोकरदाराचा पैसा महिन्याला येतो. आपला आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असतो आणि पैसा हप्त्याहप्त्याने येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळाले पाहिजे आणि उशीर झाल्यास त्यावर पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. तरीही साखरेचा उठाव मंदावला की राज्यात अनेक ठिकाणी बिले लांबतात, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून शहरातल्या माणसाला दिलेला सल्ला जसाच्या तसा आपल्याला लागू पडत नाही.

सगळी कर्जे एका मापाची नसतात

रानात तण उगवले की आपण ते ओळखतो. चिल उपटली की जाते, हरळी मात्र रान खाते. कर्जाचेही तसेच आहे.

पहिले सोसायटीचे पीककर्ज. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याजाचा भार जवळजवळ राहत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची सोसायटी उसाच्या बिलातून परस्पर कापली जाते, त्यामुळे तेथे निवडीचा प्रश्नच येत नाही. ज्यांचे पीककर्ज दुसऱ्या बँकेत आहे त्यांनी एकच पाळावे: तारीख चुकवायची नाही. तारीख चुकली की सवलत गेली. मुदतीच्या चार महिने आधी भरून मात्र फारसे काही वाचत नाही. तोवर पैसा आपल्या खात्यावर राहिला तर तो अडीअडचणीला उपयोगी पडतो.

दुसरे सावकाराचे किंवा हातउसने, शेकडा दोन-तीन रुपये महिन्याचे. नवं-जुनं करायला म्हणून आठ दिवसांसाठी घेतलेले पैसे आठ महिने राहतात, हे प्रत्येक गावात पाहायला मिळते. शेकडा तीन महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ही हरळी आहे. छत्तीस टक्के देणारी ठेव जगात कोठे नाही. असे कर्ज अंगावर असताना बचतीचा विचारही करू नये. बिलाचा पहिला रुपया तेथेच गेला पाहिजे.

तिसरे मध्यम आणि दीर्घ मुदतीचे कर्ज: पाईपलाईन, ठिबक, ट्रॅक्टर, घर. त्यासाठी जमीन गहाण आहे किंवा सात-बाराच्या इतर हक्कात बोजा चढलेला आहे. खरा पेच याच कर्जाचा आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडू.

समजा, पाच लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले आणि वर्षाला एक सारखा हप्ता आहे. हप्ता बसतो सुमारे १ लाख ९ हजार ५६० रुपये. सात वर्षांत व्याज जाते सुमारे २ लाख ६७ हजार. आता पहिल्या हप्त्याबरोबरच एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच चालू ठेवला, तर सहाव्या वर्षी फक्त ३१ हजारांच्या आसपास भरून कर्ज संपते आणि सातवा हप्ता उरतच नाही. एकूण वाचतात सुमारे ८८ हजार रुपये. तोच एक लाख रुपया ७.१ टक्क्यांनी सहा वर्षे ठेवला असता तर व्याज मिळाले असते सुमारे ५१ हजार. म्हणजे नुसते गणित पाहिले तर पहिल्या सभासदाचे बरोबर आहे. ज्याचे व्याज आपण बारा टक्क्यांनी देतो ते कर्ज अंगावर ठेवून सात-आठ टक्क्यांची ठेव सांभाळणे म्हणजे विहिरीचे पाणी शेजाऱ्याला देऊन आपण टँकर विकत घेण्यासारखे आहे. त्यात हप्ता थकला की दंडव्याज चढते, कलम १०१ चा दाखला निघतो आणि गावात नाव जाते ते वेगळेच.

मग सगळाच पैसा कर्जाला का घालू नये?

इथेच पहिल्या सभासदाचे निम्मे चुकते. तो म्हणतो, कर्ज संपले की बचत सुरू करू. पण शेतकऱ्याचे कर्ज संपते कधी? पाईपलाईन फिटली की ट्रॅक्टर येतो, ट्रॅक्टर फिटला की मुलीचे लग्न येते, मग घर बांधायचे निघते. कर्जमुक्तीच्या दिवसाची वाट पाहत बसलो तर बचतीचा मुहूर्त साठीच्या पलीकडे जातो. आणि या हिशेबात गेलेली वर्षे कोणत्याही भावाने परत विकत मिळत नाहीत.

तेही आकड्यांत पाहू. पाच एकर ऊस, एकरी चाळीस टन धरले तर दोनशे टन. टनामागे फक्त शंभर रुपये बाजूला काढले तर वर्षाचे वीस हजार होतात. हे वीस हजार पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ खात्यावर दरवर्षी भरले, तर एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्क्यांचा दर कायम धरून हिशेब असा होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केले तर साठीला हाती येतात सुमारे ५ लाख ४२ हजार. पस्तिसाव्या वर्षी सुरू केले तर सुमारे १३ लाख ७४ हजार. दहा वर्षे उशीर करणाऱ्याने फक्त दोन लाख कमी भरले, पण त्याला मिळाले ८ लाख ३२ हजार कमी. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला ठरवते, त्यामुळे आकडे थोडे मागे-पुढे होतील, पण तात्पर्य बदलणार नाही.

हीच रक्कम साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर काय होते? तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के ठरला. त्या दराने पंचेचाळिशीवाल्याला महिना सरासरी ३ हजार ७०० पडतात आणि पस्तिशीवाल्याला ९ हजार ४०० च्या आसपास, तेही मूळ रकमेला हात न लावता. औषधपाणी, चहापाणी आणि नातवाच्या हातावर ठेवायला चार पैसे यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागणार नाही.

कर्ज चालू असताना ही बचत केली तर तोटा किती? बारा आणि सातमध्ये फरक पाच टक्क्यांचा. वीस हजारांवर पाच टक्के म्हणजे पहिल्या वर्षी हजार रुपये. रक्कम साठेल तसा हा फरकही वाढतो, हे खरे. तरी बचतीची सवय लागण्याची ती फी समजा. शिवाय कर्जात भरलेला पैसा अडचणीला परत मागता येत नाही. पीपीएफमध्ये ठरावीक वर्षांनंतर काही रक्कम काढता येते, आणि कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टाच्या हुकुमाने त्या खात्यावर जप्ती आणता येत नाही. डोक्यावर कर्ज असणाऱ्या माणसाने हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणून माझे मत असे आहे की टनामागे शंभर रुपयांची ही लहान बचत कर्ज असतानाही थांबवू नये. त्याच्या वर जे उरेल ते मात्र निःसंकोचपणे जादा व्याजाच्या कर्जाला भरावे.

नेहमी ऐकायला मिळणारी तीन उत्तरे

हे बोलायला लागलो की तीन उत्तरे मिळतात. पहिले, “जमीन हीच आमची पेन्शन.” जमीन ही पेन्शन खरी, पण ती कसायला अंगात ताकद लागते. सत्तरीला मोटर चालू करायला रात्री कोण जाणार? आणि जमिनीवर बोजा असेल तर ती अर्धी पेन्शन बँकेची. वारसांना जमीन मिळते तसा तिच्यावरचा बोजाही मिळतो. पाच एकरांची दोन मुलांत वाटणी झाली की अडीच-अडीच एकर. त्यावर दोन संसार चालायचे की आई-वडिलांचीही सोय व्हायची, हा प्रश्न मुलांच्या चांगुलपणाचा नाही, रानाच्या आकाराचा आहे.

दुसरे, “पोरगं बघंल की.” बघेल, देव करो आणि बघेलच. पण पोरगा बघतो म्हणून बाप मोकळा राहिला तर पोरग्याची बचत कधी होणार? त्याच्या पस्तिशीत त्याच्यावर तुमचा दवाखाना आणि मुलांची फी एकदमच येते. बापाने स्वतःची सोय केली तर तीच पोराला दिलेली मोठी मदत ठरते.

येथे एक कायद्याची गोष्टही सांगतो. प्रेमापोटी साऱ्या जमिनीचे बक्षीसपत्र मुलाच्या नावे करून देणारे सभासद आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केलेल्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळू शकते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. करायचेच असेल तर वकिलाला विचारून अट घालून करा. यात मुलावर अविश्वास नाही. आपण कारखान्याशीही उसाचा करार करतोच ना?

तिसरे उत्तर, “कर्जमाफी होईल.” २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफीच्या योजना आल्या, हे खरे. ज्यांचे पीक बुडाले, जे खरोखर अडचणीत होते, त्यांना त्याचा आधार झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण या योजनांना रकमेची मर्यादा होती, तारखांची मर्यादा होती, अटी होत्या. माफीच्या आशेवर हप्ता थकवणारा माणूस त्या अटीत बसला नाही की दंडव्याजासह सगळे भरतो, आणि मधल्या काळात नवे कर्जही मिळत नाही. पाऊस पडेल या भरवशावर कोणी लागण करत नाही, आधी विहिरीतले पाणी बघतो. तसेच हे आहे.

क्रम कसा लावावा

थोडक्यात सांगायचे म्हणजे बिलातून हातात आलेल्या पैशाचा क्रम असा लावावा.

पहिला मान सावकारी आणि हातउसन्याला. ते संपेपर्यंत टनामागचे शंभर रुपयेही थांबवले तरी चालतील. त्यानंतर थकलेला हप्ता असेल तर तो, म्हणजे दंडव्याज थांबेल. तिसरे, पुढच्या उसाचे बिल येईपर्यंत घरखर्च आणि खत-पाणी भागेल इतकी रक्कम हाताशी. ही नसेल तर पुन्हा सावकाराच्या दारात जावे लागते आणि केलेले सगळे वाया जाते. चौथे, टनामागे शंभर रुपये म्हातारपणासाठी. हे बिल जमा झाल्याच्या आठवड्यातच, कारण दिवाळी आणि यात्रा यांच्यापुढे काही टिकत नाही. पाचवे, उरलेले सगळे जादा व्याजाच्या मुदत कर्जाला. मुदतीपूर्वी भरण्यास काही आकार आहे का, हे बँकेत आधी विचारावे, आणि जादा भरलेली रक्कम मुद्दलातच जमा झाली का, हे खाते उतारा घेऊन तपासावे.

वयाचाही विचार हवा. चाळिशीच्या आतल्या मुलांनी आणि सुनांनी वेळ घालवू नये. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्या शेतकऱ्यांसाठी २०१९ साली प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयात नाव घातले तर वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालते आणि साठीनंतर महिना तीन हजार पेन्शन, अशी तिची रचना आहे. २०१५ ची अटल पेन्शन योजनाही चाळिशीपर्यंतच, आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना ती ऑक्टोबर २०२२ पासून बंद आहे. चाळीस ओलांडली की ही दारे बंद होतात. कर्ज मात्र पन्नाशीतही फेडता येते. तरुणपणी काय आधी करायचे, हे यावरून समजावे.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी एक गाठ मारावी: साठीच्या पुढे हप्ता जाईल असे नवे कर्ज स्वतःच्या नावावर घ्यायचे नाही. आणि जुने कर्ज संपले की संपलेला हप्ता चालूच ठेवायचा, फक्त आता स्वतःच्या खात्यावर. वर्षाला १ लाख १० हजार पाच वर्षे ठेवले तर ७.१ टक्क्यांनी सुमारे ६ लाख ७९ हजार होतात. हप्ता भरायची सवय असतेच; ती मोडून गाडी घेण्याआधी एवढे करावे.

पैसा कोठे ठेवतो, हेही पाहा. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, एका ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था चांगल्याही असतात, पण एक-दीड टक्का जादा मिळतो म्हणून सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. निम्मी बचत घरच्या लक्ष्मीच्या नावाने असावी. रानात तिचे कष्ट निम्म्याहून कमी नाहीत, आणि मागे राहण्याची पाळी पुष्कळदा तिच्यावर येते. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावलेले असावे. कर्ज फिटले की ना-देणे दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करून घ्यावा. कित्येकांचे कर्ज फिटून वर्षे झाली तरी सात-बारावर बोजा तसाच असतो आणि ऐन गरजेच्या वेळी काम अडते.

टनामागचे शंभर रुपये आणायचे कोठून?

आता माझ्या खात्याचे बोलतो. खर्च वाढला, मजुरी वाढली, बिलात काही उरत नाही, हे मी बांधावर रोज ऐकतो आणि ते खोटे नाही. पण बेणे तीन वर्षांनी बदलणे, माती तपासून खत घालणे, खोडव्यात पाचट न जाळता बुडखे छाटून बगला फोडणे, आणि तुटाळी वेळेवर सांधणे एवढ्या गोष्टी नीट केल्या तर एकरी पाच टन वाढवणे बहुतेक रानांत शक्य आहे. पाच एकरांत पंचवीस टन झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी जाहीर झाली. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २,७०० धरले तरी ६७ हजार ५०० होतात. जादा खर्च वजा करूनही त्यातून वीस हजार बाजूला निघावेत. जुन्या उसाच्या पैशाला हात लावू नका, नव्याने वाढवलेल्या पाच टनांवर म्हातारपणाचे नाव लिहा.

पूर्वी सभासदांच्या बिलातून टनामागे काही रक्कम परतीची ठेव म्हणून कापली जाई. त्या वेळी कुरकुर झाली, पण सहकारातील कित्येक कारखान्यांची वाढ त्या टनामागच्या कपातीतूनच झाली. ऊस उत्पादकाने टनामागे थोडे थोडे देऊन एवढे मोठे कारखाने उभे केले. तोच माणूस टनामागे शंभर रुपयांत स्वतःचे म्हातारपण उभे करू शकणार नाही, असे मला वाटत नाही.

या हंगामाचे बिल हातात पडले की घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसावे. कोणते कर्ज किती टक्क्यांचे, किती राहिले, कोणाचे वय किती, हे एका कागदावर मांडावे. हिशेबात अडचण आली तर कागद घेऊन गट कार्यालयात खुशाल या. उसाच्या लागणीवर बोलतो तसेच यावरही बोलू.

आपला,
ऊस विकास अधिकारी